निमिषचा घाट

निमिषचं पत्र येऊन तेवीस दिवस झाले होते आणि विष्णुपंतांनी त्याला उत्तर धाडलं नव्हतं. लिहिलं नव्हतं असं मात्र नाही. सात वेळा लिहिलं, आणि सातही कागद सकाळच्या बंबात गेले. कोयनानगरच्या वसाहतीतल्या वाचनालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढून आता साताऱ्यात स्थायिक झालेला माणूस. दुसऱ्यांनी लिहिलेलं जपण्यात जन्म गेला, पण आपलं लिहिलेलं कुणीतरी वाचणार म्हटलं की त्यांचा हात आखडायचा.

निमिष त्यांचा एकुलता एक, उशिरा झालेला मुलगा. सांगलीला इंजिनिअर होऊन तिथेच खोली घेऊन राहिला होता. त्याचं पत्र आता त्यांना पाठ झालं होतं.

'ती. बाबांस, सा. न. वि. वि. गणपतीत आलो तेव्हा आपल्या कॉम्प्युटरमध्ये एक गेम टाकून ठेवलाय. मी स्वतः बनवलेला. समोर बसून दाखवायचं धाडस झालं नाही. "घाट" या नावाने आहे. शेवटपर्यंत बघा. बंगळूरच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीने मला बोलावलंय. इकडे एका कारखान्यातली पक्की नोकरीही मिळतेय. माझ्यात हे करण्याइतकं काही आहे का, ते तुम्ही बघून सांगा. नसेल तर कारखाना बरा. तीस तारखेपर्यंत दोघांना कळवायचं आहे. फोन करू नका. फोनवर आपण दोघंही नुसतं "हं, हं" करतो.'

आज नोव्हेंबरची चोवीस तारीख होती.

पत्र आलं त्याच दिवशी विष्णुपंत मशीनसमोर बसले होते. मशीन चार वर्षांचं जुनं. निमिषने कॉलेजात असताना घेतलेलं आणि गेम खेळता यावेत म्हणून मागल्या वर्षी त्यात नवं ग्राफिक्स कार्ड घातलेलं. जाताना ते साताऱ्यालाच ठेवून गेला होता. विष्णुपंत त्यावर जुन्या पुस्तकांच्या याद्या टाइप करत.

'घाट' सुरू झाला आणि पडद्यावर पाटणच्या पुढचा रस्ता उलगडला. बाणांच्या कळा दाबल्या की जीप चालायची. वळण, मोरी, पुन्हा वळण, डावीकडे खाली नदी. त्यांना हसू आलं. पण जरा वेळाने समोरच्या डोंगरावर हिरवे-गुलाबी ठिपके उठले, गोवराच्या पुरळासारखे. मग डोंगराच्या चिंध्या झाल्या, आणि जीप, रस्ता, नदी सगळं जागच्या जागी थिजलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. त्यांनी पडद्याच्या वायरीचे स्क्रू आवळून पाहिले, प्लग दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पाहिला. याद्या तासन् तास टाइप केल्या तरी मशीनची काही तक्रार नसे. मोडायचा तो फक्त 'घाट'.

मग मनात जे आलं ते त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. मशीन धड असेल तर चूक पोराच्या गेममध्येच असणार. हे त्याला कळवायचं कसं? कळवलं की तो मुकाट्याने कारखान्यात जाईल. आणि न बघताच 'छान आहे' असं लिहून दिलं, तर बंगळूरला जाऊन तोंडावर पडेल. दोन्हीकडून पोराचं नुकसान, आणि ते आपल्या हातून.

"अहो, मी लिहू का त्याला?" क्षमाताई चौथ्यांदा म्हणाल्या. कणीक मळता मळता त्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "पोरगं वाट बघत असेल. बाबा रागावलेत असं वाटत असेल त्याला."

"त्याने मला विचारलंय."

"मग सांगा की!"

"काय सांगू? गेम मोडतोय त्याचा."

असं ते पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. क्षमाताईंनी पिठाचे हात तसेच धरून त्यांच्याकडे बघितलं.

"त्याचा मोडतोय, की आपलं मशीन मोडतंय?"

"मशीन चांगलं चालतंय."

"हे तुम्ही ठरवलंत? साधा मिक्सर बंद पडला तर महिनाभर त्याची समजूत घालत बसणारे तुम्ही! उठा, आणि पोवई नाक्यावर त्या भाऊसोंकडे घेऊन जा. नाहीतर मी डोक्यावर घेऊन निघते."

विष्णुपंतांनी मशीनचा डबा जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळला आणि रिक्षात मांडीवर घेऊन बसले.

भाऊसो वडूजकडचे. वीस वर्षं लष्करात सिग्नलमध्ये वायरलेस संच दुरुस्त करून परतलेले, आणि आता टीव्ही-रेडिओबरोबर कॉम्प्युटरही उघडू लागलेले. मिशा अजून पलटणीतल्याच होत्या.

"या सर! काय जालं पेशंटला?"

विष्णुपंतांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून पुढे केला. पोराने बनवलेला गेम कधी किती वेळ चालला याची तेवीस दिवसांची टिपणं होती त्यावर, बारीक अक्षरात, तारीखवार.

"आयला," भाऊसो चष्मा वर सारत म्हणाले, "आमच्या कर्नलसायबानं पन एवडा रिपोर्ट कवा लिवला न्हवता." पण त्यांनी कागद तसाच बाजूला ठेवला. "आधी मला एक सांगा. पोराचा गेम सोडून दुसरा कुटला गेम लावून बगितला?"

"नाही. मी गेम खेळत नाही."

"मग गेम बिगडला का कार्ड बिगडलं, ह्ये कसं ठरवलं वो?"

भाऊसोंनी आपला पडदा जोडला आणि ड्रॉवरमधून मोटारींच्या शर्यतीची एक सीडी काढून घातली. लाल मोटार सुसाट सुटली. पाच मिनिटं, आठ मिनिटं. विष्णुपंत स्टुलाच्या अगदी कडेला बसून बघत होते. दहाव्या मिनिटाला लाल मोटारीच्या टपावर हिरवे-गुलाबी ठिपके उठले. मग रस्त्याच्या चिंध्या झाल्या.

"बगितलं?" भाऊसो म्हणाले. "ह्यो गेम तर तुमच्या पोरानं न्हाई लिवला? त्येचा काय बी दोष न्हाई, सर. कार्ड आजारी हाय."

विष्णुपंतांनी रुमाल काढला आणि उगाचच चष्मा पुसायला घेतला. बराच वेळ पुसत राहिले.

"पण मग टाइप करताना कसं चालतं ते?" शेवटी त्यांनी विचारलं.

"टायपिंगला कार्डाला काय काम? झाडाखाली बसल्यावानी बसतंय ते. डोंगर-रस्ते काडायचं म्हंजे बैलाला चढावर जुंपल्यागत. तवा कळतं दम हाय का न्हाई." त्यांनी आता तो कागद उचलला आणि वाचू लागले. "सकाळी चौदा मिनिटं. दुपारी नऊ. सांजच्याला अकरा, आन् लगीच पुन्यांदा लावला तर चार." ते थांबले. मान वर केली. "सर, ह्येच तर पायजे होतं! गार असताना जास्त टिकतंय, गरम असताना लगीच पडतंय. कार्ड तापतंय. तुमी रोगाचं निदानच लिवून आनलंय, आन् तुमालाच त्येचा पत्त्या न्हाई."

"मी नुसत्या वेळा टिपल्या."

"तेच कुनी करत न्हाई."

त्यांनी बाजूचा पत्रा काढला. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने कार्ड सोडवून हातात घेतलं, उलटं केलं आणि टॉर्च मारला. कार्डावर रुपयाएवढा एक इवलासा पंखा होता. भाऊसोंनी त्याला बोट लावलं. तो हलला नाही. मग चिमट्याने ते काहीतरी ओढू लागले. पांढरं, लांब, मधेमधे लाल ठिपके असलेलं.

"ह्ये काय वो? मशीनची मुंज केली का काय कुनी? जानवं निगालंय आतून!"

दुकानात टीव्ही न्यायला आलेला एक माणूस खो खो हसला. विष्णुपंतांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"गेजवस्त्र आहे ते," ते म्हणाले.

खंडेनवमीला घरातली हत्यारं-अवजारं पुजायची. यंदा विळी, अडकित्ता, शिलाई मशीन सगळं पाटावर मांडून झालं होतं आणि निमिषचं मशीनच तेवढं राहिलं होतं. निमिष ते पुजत नसे, हसायचा. पण तो लांब होता आणि विष्णुपंतांना वाटलं की त्याचं खरं अवजार हेच. क्षमाताईंनी वळलेलं कापसाचं वस्त्र त्यांनी डब्यावर घातलं, पण मन मानेना. वरच्या पत्र्याची काय पूजा? काम करतो तो आतला भाग. त्यांनी बाजूचा पत्रा काढला, वस्त्र त्या कार्डावरून नीट पांघरलं, वर कुंकवाचं बोट लावलं, हात जोडले आणि पत्रा पुन्हा बसवला. पुढे ते काढायचं राहून गेलं.

"मीच घातलं," विष्णुपंत म्हणाले. "पोराचं बरं व्हावं म्हणून."

भाऊसोंचं हसू मावळलं. त्यांनी कापसाचा तो पीळ टाकून दिला नाही, टेबलाच्या कोपऱ्यावर नीट ठेवला.

"आमची आई पन ट्रॅक्टरच्या इंजनावर नारळ फोडायची," ते म्हणाले. "पानी आत गेलं की म्हातारा वरडायचा. चालायचंच, सर."

आसाभोवती गुंडाळलेला कापूस निघाला, एक थेंब तेल पडलं, तसा पंखा कुरकुरत फिरू लागला. पण भाऊसोंचा चेहरा काही खुलला नाही.

"लय दीस बिनहवेचं तापलंय ह्ये. पंख्याची मोटार बी अर्धी जळालीय. मी गॅरंटी देनार न्हाई. एकदा चालंल, धा डाव चालंल, न्हाईतर उद्याच बसंल. असं करा, बाजूचा पत्रा लावूच नका. समोर टेबलफॅन ठेवा, आन् तुमाला काय बगायचंय ते बगून घ्या."

दुपारी तीनला मशीन पुन्हा जागेवर आलं. क्षमाताईंनी स्वयंपाकघरातला टेबलफॅन आणून एका स्टुलावर ठेवला आणि त्याचं तोंड उघड्या डब्याकडे केलं. फॅन मान हलवायचा, ती हलू नये म्हणून त्या त्याची मान धरून बसल्या.

"चला," त्या म्हणाल्या. "फॅनला नि मला, दोघांना कळ लागायच्या आत संपवा."

पाटणच्या पुढचा रस्ता आला. वळण, मोरी, वळण. नऊ मिनिटं झाली. अकरा झाली. विष्णुपंतांचं लक्ष रस्त्यापेक्षा डोंगरावर होतं. चौदाव्या मिनिटाला एका कड्यावर एक गुलाबी ठिपका चमकून गेला. क्षमाताईंनी फॅन बोटभर पुढे सरकवला. ठिपका पुन्हा दिसला नाही.

घाट संपला. धरणाची भिंत आली, वसाहतीच्या पत्र्याच्या चाळी आल्या. जीप आपोआप थांबली आणि पुढे चालत जायचं होतं. वाचनालयाच्या पायऱ्या. विष्णुपंत मनात मोजत चढले. अकरा. बरोबर अकरा. आत पुस्तकांची कपाटं, आणि भूकंपाच्या भीतीने ती भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली. पट्ट्यासुद्धा काढल्या होत्या पोराने. खिळ्यावर त्यांची छत्री होती.

जिंकायचं-हरायचं काहीच नव्हतं. टेबलामागे एक रिकामी खुर्ची होती. विष्णुपंतांनी कळ दाबली आणि ते खुर्चीत बसले. नजर खाली आली, सगळी खोली बसलेल्या माणसाला दिसते तशी झाली. तिथून दोन कपाटांमधल्या फरशीवर एक मुलगा दिसत होता. पिवळा शर्ट, मांडीवर पुस्तक. ओबडधोबड, ठोकळ्यांचा बनवलेला. विष्णुपंत बघत राहिले तसा त्याने पान उलटलं, मग मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. पडद्यावर एकच शब्द उमटला. 'संपलं.'

फॅनचा तेवढा आवाज येत होता.

"तो शर्ट मी शिवला होता," क्षमाताई म्हणाल्या. "पण डोकं का हो एवढं चौकोनी काढलंय मेल्याने स्वतःचं?"

विष्णुपंतांनी हात लांब करून फॅन धरलेल्या क्षमाताईंच्या हातावर ठेवला. मग उठून कपाटातून आंतरदेशीय पत्र काढलं. कच्चा कागद घेतला नाही.

'चि. निमिष यास अनेक आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला, त्याचं कारण सांगतो. खंडेनवमीला मी तुझ्या मशीनच्या आत गेजवस्त्र घातलं. ते कार्डाच्या पंख्यात अडकलं, कार्ड तापू लागलं, आणि घाट अर्ध्यात थांबू लागला. मला वाटलं चूक तुझी. ती सांगायची हिंमत झाली नाही आणि खोटं लिहवेना, म्हणून गप्प बसलो. तू काय काय समजला असशील ते मला कळतं. आज शेवटपर्यंत पाहिलं. वाचनालयाची खिडकी माझ्या डाव्या हाताला होती, तू उजवीकडे काढली आहेस. बाकी सगळं होतं तसं आहे. तू तिथे बसायचास ते मी रोज बघायचो. तूही मला इतकं बघत होतास हे मला माहीत नव्हतं. तू विचारलंस, तुझ्यात काही आहे का. आहे. बंगळूरला जा. कार्डाला नवा पंखा घालावा लागेल, कुठला ते कळव. आईचा आशीर्वाद. तिचं म्हणणं, डोकं गोल कर. — बाबा'

चारच्या आत टाकलं तर पत्र आजच निघणार होतं. विष्णुपंत चपला घालून कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेले. पेटीच्या तोंडाशी हात थबकला. ती खिडकीची ओळ उगाच लिहिली का? पोराला लागेल का? घरी जाऊन पुन्हा लिहावं का? पलीकडून पोस्टाचा माणूस सायकलवरून येताना दिसला, खांद्याला रिकामी पिशवी. विष्णुपंतांनी डोळे मिटले आणि पत्र पेटीत सोडलं.