खुंटीला टांगलेल्या छत्र्या

मी एक जुनी हवाई छत्री आहे. छत्री म्हटल्यावर दांडा शोधू नका, मित्रांनो. मी म्हणजे खोलीभर रेशीम, उशीएवढ्या पिशवीत कोंबलेलं. अर्थात 'कोंबलेलं' म्हटलेलं ताईला खपायचं नाही.

ताई विमानतळावर छत्र्यांच्या घड्या घालायची. लांबलचक टेबलावर मला पसरायची, दोऱ्या वेणीसारख्या विंचरायची, घडी घालून चिठ्ठीवर सही करायची. घडी चुकली तर माणूस जिवानिशी जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून विमानात शिरलात की छत्री खुंटीला टांगा, चुरगळू नका, असं ती प्रत्येकाला बजावायची. लढाईवर जाणारे दांडगे गडी तिचं मुकाट्याने ऐकायचे.

ऐकत नसे तो एकटा तिचा धाकटा भाऊ. बॉम्बफेकी विमानाच्या शेपटात बंदुकीपाशी बसायचा, म्हणून सगळे त्याला शेपट्या म्हणत. तिथली बैठक लोखंडी. तो मला अंगावरच्या पट्ट्यांना अडकवून खुशाल माझ्यावर बसायचा. माझी चपटी घडी बघून ताई त्याला फैलावर घ्यायची. मला तिचंच पटायचं. कोणाला आवडेल हो असं बुडाखाली राहणं?

त्या सकाळी नुसता सराव होता. सहा विमानांनी एकमेकांना लागून उडायचं. वळताना वैमानिकांच्या डोळ्यांवर ऊन आलं आणि खालचं विमान आमच्या पोटात घुसलं. शेपूट तुटलं. शेपट्या बाहेर फेकला गेला, त्याच्याबरोबर मीही. मी उघडले. एकही दोरी अडकली नाही.

दोन्ही विमानांतले बाकीचे अकरा जण गेले. खुंटीपर्यंत हात न्यायला कोणाला वेळच मिळाला नाही.

तिसऱ्या दिवशी चौकशीचे साहेब न जळालेल्या चार पिशव्या घेऊन आले. घड्या जशाच्या तशा होत्या, चिठ्ठ्यांवर सह्या होत्या. तुमच्या कामात काही खोट नाही, असं ते ताईला म्हणाले.

ताई पिशव्यांकडे बघत राहिली. "टांगून ठेवा म्हणून मीच सांगितलं होतं," ती म्हणाली. शेपट्या दुखावलेला हात गळ्यात बांधून दारात उभा होता. ती रडली नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून ती विमानाच्या शिडीपाशी उभी राहू लागली. प्रत्येकाची छत्री स्वतःच्या हाताने त्याच्या छातीवर अडकवायची. "चुरगळू दे," म्हणायची, "अंगावरून काढू नकोस."

मित्रांनो, वस्तू जपा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी म्हणेन, आधी माणूस जपा. माझ्या पिशवीवर शेपट्याच्या पाटलोणीचा तेलकट डाग आहे. ताईने तो कधीच धुतला नाही.