कंबरेचे माप

माझे यजमान साखरेच्या आजाराने गेले. आधी त्यांची दृष्टी गेली, मग ते गेले. त्यामुळे आमचा मुलगा पन्नाशीकडे झुकला आणि कापड बेतताना त्याचे पोट टेबलाच्या कडेला टेकू लागले, तेव्हा मी मनाशी पक्के केले की याला वेळेत अडवायचे. एकदा जे सोसले ते दुसऱ्यांदा सोसण्याची माझी तयारी नव्हती.

मुलाचे शिवणाचे दुकान होते. तो उभ्याने कापड बेतायचा, सून मशीन चालवायची. सारी गिऱ्हाइके त्याला मास्तर म्हणत. आरोग्य केंद्रातील परिचारिका दुकानादुकानांतून फिरून मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेली माणसे हुडकते, हे कानावर येताच मीच निरोप धाडून तिला बोलावले. अशा माणसांची नावे ती एका वर्गात घालत असे. आठवड्यातून एकदा जमायचे, चालायचे, काय आणि किती खावे हे शिकायचे. आजार दारातूनच माघारी फिरावा, एवढाच त्यामागचा हेतू.

ती आली आणि वय, वडिलांचा आजार, दिवसभराचे काम असे सारे विचारून झाल्यावर तिने पिशवीतून टेप काढली.

"मास्तर, हात वर करा. कंबर मोजते."

"सिस्टर, लोकांच्या कंबरा मोजून मी घर चालवतो. माझं माप दुसऱ्यानं घेतलं तर गावातले कारागीर तोंड दाखवू देणार नाहीत मला." त्याने गळ्यातली टेप ओढली, सराईतपणे कमरेभोवती फिरवली आणि म्हणाला, "चौतीस. लिहा."

"पोट आत ओढलं नाहीत ना?"

"ते गिऱ्हाईक ओढतात. मास्तर नाही ओढत."

सगळे हसले. तिनेही हसत आकडा लिहिला. दिवसभर उभ्याने काम, कंबर बेताची. तिच्या कागदावर प्रत्येक उत्तराला गुण होते; त्यांची बेरीज धोक्याच्या रेषेच्या आत राहिली. मास्तरांनी आताच रक्त तपासायची गरज नाही, पुढच्या वर्षी पुन्हा पाहू, असे तिने सांगितले. माझ्या छातीवरचे ओझे उतरले.

सुनेला तिने पडद्याआड नेले आणि स्वतः मोजले. तिला मात्र रक्त तपासायला पाठवले. साखर नेमकी उंबरठ्यावर निघाली आणि तिचे नाव वर्गात गेले.

"अहो, तुम्हीही चला की," सून म्हणाली.

"मला कुठे बोलावलंय? मी पास झालोय. नापासांनी शाळेत जावं."

सून नेमाने जाऊ लागली. घरातली ताटे बदलली. मुलगा कुरकुरला, पण तिच्या बरोबरीने तेच जेवला. काही महिन्यांत तिचे कपडे अंगावर लोंबू लागले. गावाचे कपडे ती शिवत असली तरी तिचे कपडे तोच आत घेत असे. तसा त्याचा हट्टच होता.

"अशीच उतरत राहिलीस तर मला दोरा पुरायचा नाही," तो म्हणे, आणि पुढे उसवून सैल करता यावे म्हणून शिवणीत माया मात्र सोडून ठेवी.

मग तो स्वतःच्याही पँटी आत घेऊ लागला. एकदा घेतल्या, पुन्हा घेतल्या.

"बघ आई, वर्गात ही जाते आणि कंबर माझी उतरते."

शेजारचा इस्त्रीवाला दारातून ओरडला, "ढवळ्याशेजारी पवळ्या बांधलाय, मास्तर. गुण लागणारच!"

बेतायच्या टेबलावर आता पाण्याचा तांब्या कायम भरलेला असे. मी विचारले तर म्हणाला, "उकडतंय किती, आई." उकडत होतेही. त्याचे गाल बसले होते, पण तो इतका आनंदात होता की त्यात कोणाला वावगे दिसले नाही.

एके दिवशी मोठी कात्री त्याच्या पायावर पडली. जखम दिसायला क्षुल्लक. त्याने चिंधी गुंडाळली आणि काम चालू ठेवले. ती भरेना. ताप चढला, पाऊल काळवंडले, तेव्हा कुठे त्याला रुग्णालयात नेले. रक्त पाहून डॉक्टरांनी सुनेला विचारले, "साखर किती दिवसांपासून आहे यांना?" ती म्हणाली, "यांना नाही. मला आहे. म्हणजे मलाही नाही, होणार होती." आणि तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली.

परिचारिका धावत आली. खाटेशी उभी राहून तिने हळूच विचारले, "मास्तर, त्या दिवशी कंबर कुठे मोजलीत?"

त्याने चादर बाजूला केली आणि बोट ठेवले. पोटाच्या पार खाली.

"इथं. पँट बसते तिथं. आणखी कुठं असते कंबर?"

सुनेने तोंड फिरवले. पहिल्याच दिवशी वर्गात तिला शिकवले होते की हे माप बेंबीपाशी घ्यायचे, सगळे पोट टेपेच्या आत घेऊन. नवरा आयुष्यभर टेप कुठे धरतो, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक होते? पण दोन मापे शेजारी ठेवून पाहण्याचे कारण कधी पडले नव्हते.

परिचारिका स्टुलावर बसली. "मी मोजायला हवं होतं."

"तुम्ही कशाला मनाला लावून घेता, सिस्टर?" तो म्हणाला. "पँट अगदी बरोबर बसत होती."

पाय गुडघ्याखाली काढला. विष त्याच्याही वर चढले होते. माझ्या मुलाने माझ्या आधी जायचे नव्हते. तो गेला.

दुकान काही दिवसांनी उघडले, कारण लोकांचे कपडे अडकले होते. सून मशीनवर बसली, पण वर्गाला जाईना. इस्त्रीवाल्याने विचारले तर म्हणाली, "ज्यांनी वर्गाला जायचं होतं त्यांचं राहूनच गेलं. मी जाऊन काय करू?"

मी ते ऐकले. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या वेळेला तिच्यापुढे उभी राहिले.

"ऊठ."

"आई, नको."

"मी विचारलेलं नाही. ऊठ, सरळ उभी राहा."

ती उठली. सुतकाच्या दिवसांत आणखी वाळली होती. कपडे अंगाभोवती पोत्यासारखे फिरत होते. दिवसभर दुसऱ्यांच्या शिवणी घालणाऱ्या या बाईने स्वतःच्या कपड्यांना एक टाका घातला नव्हता. ते काम त्याचे होते, आणि ते तू कर असे सांगण्याचा अधिकार मला नव्हता. मी त्याच्या टेबलाचा खण उघडला, टाचण्या काढल्या आणि तिच्या कमरेशी दोन्ही बाजूंनी कापड मागे ओढून टाचत गेले. ती हलली नाही.

"वाकडं झालंय, आई."

"असू दे. तुला कोणी बघायला येत नाहीये. जा."

ती गेली. मी दुकानात त्याच्या टेबलाशी बसून राहिले. कोणी मास्तरांना विचारत आले, तर काय सांगायचे ते ती येईपर्यंत मला सुचले नाही.