सुटलेला कोपरा

पंक्चरवाल्याने आजवर हजारो ट्यूबा जोडल्या असतील, पण पॅचचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबून गिऱ्हाइकाला कधी वाटेला लावलं नव्हतं. "कोपरा सुटला की आत धूळ गेलीच. उपटायचा आणि नवा लावायचा," हे तो दुकानात येईल त्याला ऐकवायचा. आणि आज पहाटे याच शहाण्याने स्वतःच्या मुलीच्या छातीवरच्या पट्टीचा कोपरा गुपचूप अंगठ्याने दाबला होता.

मुलगी सात वर्षांची. रक्ताच्या आजाराने अंगाची काडी झालेली, पण जीभ अशी की सगळा वॉर्ड तिला मिरची म्हणायचा. तिच्या छातीत औषधाची बारीक नळी होती, आणि नळी कातडीत शिरायची तिथे पारदर्शक पट्टी. त्या पट्टीखाली जंतू शिरले की थेट रक्तात. समोरच्या खाटेवरच्या मुलाचं दोन महिन्यांपूर्वी तेच झालं. ताप चढला, नळी काढावी लागली, उपचार सहा आठवडे लांबले.

मग दाबला कशाला? मोठ्या सिस्टरच्या धाकाने, दुसरं काय! पहिल्याच दिवशी त्याचे हात बघून तिने सुनावलं होतं, "तुमच्या नखांत अख्खं दुकान राहतंय. घासा आधी. आणि पट्टीला हात लावणारा पालक माझ्या वॉर्डात राहत नाही." त्याला बाहेर काढलं तर मिरचीजवळ कोण बसणार? बायकोच्या कडेवर तीन महिन्यांचं बाळ.

दहा वाजता त्या नळीतून औषध जायचं होतं. साडेनऊ झाले.

"बाबा, तू सकाळपासून नुसता हातच धुतोयस," मिरची म्हणाली.

त्याला स्वतःची शरम वाटली. परक्याच्या सायकलला जो न्याय, तो पोटच्या पोरीला नाही? तो उठला आणि तडक सिस्टरसमोर उभा राहिला.

"सिस्टर, तिच्या पट्टीचा कोपरा सुटला होता. पहाटे मी दाबला."

"पहाटे? आणि आत्ता सांगताय?"

"चुकलं माझं. बाहेर काढायचं तर काढा. पण आधी पट्टी बदला. या पट्टीवर मी औषध चढवू देणार नाही."

सिस्टरने त्याच्याकडे रोखून पाहिलं, मग कोपऱ्याकडे. "ताप येत नाही ना ते बघेपर्यंत औषध थांबवते," ती म्हणाली. "मास्क लावा, तिलाही लावा आणि तिचे हात धरा."

हात धुऊन, हातमोजे घालून तिने जुनी पट्टी काढली, औषधाच्या बोळ्याने जागा घासली. तेवढ्यात पलीकडे कुणाचं तरी मशीन कोकलायला लागलं. सहा मुलं आणि हात दोन. तिने झटकन नवी पट्टी उचलली.

"थांबा!" पंक्चरवाला एवढ्याने ओरडला की मिरचीही दचकली. "ओलं आहे अजून. ओल्यावर लावलेला पॅच धरत नाही, सिस्टर. आधीचा कोपराही असाच सुटला असणार."

आता काही खरं नाही, असं त्याला वाटलं. त्या मशीनकडे दुसरी सिस्टर धावली. मोठी सिस्टर पट्टी हातात धरून तशीच उभी होती.

"परवा मीच लावली होती," ती हळूच म्हणाली. "घाईत. वाळू दे नीट. मोज गं मिरची, तिसापर्यंत."

मिरचीने मास्कमधून खणखणीत आकडे मोजले. तिसाला पट्टी बसली, चारही कोपरे घट्ट.

"मग मी निघू का बाहेर?" त्याने विचारलं.

"आम्हाला मोजायला लावून कुठे पळता? आणि पुढच्या वेळी दाबायचं नाही, मला हाक मारायची. मी खेकसले तरी मारायची."

पुढचे दोन दिवस दर चार तासांनी काखेतला थर्मामीटर निघायचा आणि पंक्चरवाल्याचा जीव टांगणीला लागायचा. ताप आला नाही. तिसऱ्या दिवशी अडवलेलं औषध त्याच नळीतून चढलं. तो भिंतीकडे तोंड करून घटकाभर रडला आणि मग परत हात धुऊन आला.

त्याच दुपारी समोरच्या खाटेवरून हाक आली, "सिस्टर, कोपरा सुटलाय!" त्या मुलाची आई एरवी सिस्टरच्या वाऱ्याला उभी राहत नसे. सिस्टर आली, खेकसली नाही. जुनी पट्टी निघाली, नव्या नळीभोवतालची जागा घासून झाली, हात नव्या पट्टीकडे गेला.

"सिस्टर!" मिरची खाटेवरून कडाडली. "अठ्ठावीसच झालेत!"

सिस्टरचा हात जागच्या जागी थांबला.

"एकोणतीस," त्या मुलाची आई मोठ्याने म्हणाली.