होळीची लाकडं

"हे गोवर उठल्यासारखं काय दाखवतेस मला?" विमलाबाईंनी टॅब हातभर लांब धरला.

"गोवरच आहे आजी, जंगलाला झालेला," क्षिप्रा म्हणाली. "परदेशातून आलेला भुंगेरा आहे. खोड पोखरून आत शिरतो, वर्षभरात झाड उभ्या उभ्या वाळतं. नकाशावर लाल ठिपका म्हणजे तिथे सापडलाय. भोवतीच्या पिवळ्यात आता धोका आहे."

वनखात्यात काम करणारी नौपाड्याची ही मुलगी त्या भुंगेऱ्याच्या शोधात चार दिवस वागळे इस्टेटमधल्या वखारी पालथ्या घालत होती. विमलाबाईंची वखार शेवटची. कारखान्यांची यंत्रं परदेशातून लाकडी खोक्यांत येतात. ती खोकी फोडून लाकूड विकायचं, हा त्यांचा धंदा. नवऱ्यामागे एकटीने उभा केलेला. त्यांच्यापुढे आवाज चढवायची एकाही ठेकेदाराची टाप नव्हती.

"आजी तुझ्या घरी. आणि क्षिप्रा काय, जिभेला गाठ बसते. झाडं तिकडे जंगलात मेली, तर माझ्या वखारीत काय हुडकतेस? माझा माल बेकऱ्यांत जातो. भट्टीत किडा जगतो होय?"

"भट्टीत नाही. पण तेच लाकूड न जाळता महिनाभर कुठे रचून ठेवलं, तर त्यातून निघून तो जवळच्या झाडांवर जातो. मला कळत नाही ते वेगळंच. हे ठिपके पडलेले सगळे पाडे एकमेकांपासून लांब. मधलं जंगल कोरं. उडत गेला असता तर सलग गेला असता."

"वाच बघू नावं."

"उंबरपाडा. खैरवाडी. बोरपाडा…"

"आता कातळपाडा," टेम्पोत माल भरणारा काळुराम सहज म्हणाला.

क्षिप्राने मान वर केली. "तुम्हाला कसं माहीत?"

"आमची होळीची लाइन आहे ना ती. मावशी दर माघात फुकट लाकडं पाठवतात. मीच उतरवतो."

विमलाबाई खोक्यावर बसल्या. पाड्यापाड्यावर त्यांनी मोठ्या तोऱ्यात बजावलं होतं, होळीसाठी जंगलातल्या झाडाला हात लावाल तर याद राखा, लाकूड मी देते. लोकांनी ऐकलं. एक फांदी तोडली नाही. विमलाबाईंचं लाकूड पौर्णिमेपर्यंत झाडांच्या बुंध्यांशी नीट रचून ठेवलं.

काळुरामला आता कुठे उमगलं. "मॅडम, खोक्यांचं लाकूड काय आम्हीच विकतो? आमचंच कशावरून?"

"काळ्या, गप," विमलाबाई म्हणाल्या.

"तुम्हाला कुठे माहीत होतं," क्षिप्रा हळूच म्हणाली.

"नव्हतं माहीत. पण दिलं मीच. आता काय करणार त्या झाडांचं?"

"कीड लागलेली सगळी तोडून जागेवरच जाळणार."

विमलाबाईंनी टॅबवरचा नकाशा पुन्हा समोर धरला. अक्षर लागत नव्हतं, पण नदीचं वळण ओळखू आलं. मोहने गावाच्या पलीकडे सगळं हिरवंगार होतं.

"इथे एक राहिलाय तुझा ठिपका."

"तिकडे आमची माणसं अजून गेलीच नाहीत."

"मी गेले होते. माझं माहेर आहे. गेल्या होळीला तिथेही दिलं, भावाच्या आमराईत रचलं. परवा आंब्याच्या खोडांतून पिठासारखा भुसा गळत होता. मी भिवाला म्हटलं, वाळवी असेल, चुना लाव."

काळुराम जवळ आला. "मावशी, भिवामामाचं घर त्या आंब्यांवर चालतं. परत दारात उभं करणार नाय तुम्हाला."

"नको करू दे. त्याच्या मागे अख्खा डोंगर आहे." त्या क्षिप्राकडे वळल्या. "लाव तू."

क्षिप्राने बोट टेकवलं. हिरव्यात लाल उमटलं आणि पिवळं डोंगरापर्यंत पसरलं.

"कळवणाऱ्याचं नाव काय घालू?" तिने विचारलं. "वखारीचं?"

विमलाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला.

"भिवाची थोरली बहीण," त्या म्हणाल्या. "असंच लिही."