धुरपताबाई घर पाहतात

गोंदियाजवळच्या कामठ्याच्या घरी ओसरीवर सभा भरली होती आणि सभेचा विषय होत्या धुरपताबाई. विषय आत स्वयंपाकघरात लसूण सोलत बसला होता. त्याला कोणी बाहेर बोलावलं नव्हतं.

दिवाळीआधी धुरपताबाईंच्या छातीतली गाठ काढली होती. टाके सुकले होते. आता नागपूरच्या दवाखान्यात पाच आठवडे रेडिएशनचा शेक घ्यायचा होता, शनिवार-रविवार सोडून रोज. शेकाचं काही दुखत नाही, मशीनखाली पडून राहायचं, पण माणूस थकतो, असं डॉक्टर म्हणाले. उजव्या हाताने जड उचलायचं नाही, तेही आयुष्यभर, असंही म्हणाले. गोंदियाहून रोज जाणंयेणं झेपणार नाही, तेव्हा नागपुरातच मुक्काम करा, असं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. मुक्काम कुठे करायचा हे काही त्यांनी सांगितलं नाही, म्हणून ही सभा.

सभेला धुरपताबाईंचे यजमान गोपीचंदभाऊ होते. मुलगा ओमेश होता. तो फुलचूरला राहतो आणि राईस मिलच्या ऑफिसात हिशेब बघतो. आणि ओसरीच्या कठड्यावर ठेवलेल्या मोबाइलमध्ये गोपीचंदभाऊंचा भाचा भूपेंद्र होता, थेट नागपुरातून. धान कापणीला आलं होतं, हार्वेस्टर नेमका शेक सुरू व्हायच्या आठवड्यात गावात येणार होता, त्यामुळे गोपीचंदभाऊ बायकोला पोचवून परत येणार आणि दर रविवारी जाऊन भेटणार, एवढं एकमताने मंजूर झालं होतं.

"मामाजी, इचारच नोका करू," मोबाइल म्हणाला. "घर आपलं, अन् गाडी दारात हाय."

"गाडी दारात हाय म्हनते," गोपीचंदभाऊ ओमेशला म्हणाले, जणू ओमेशला ऐकू आलं नव्हतं.

"मंग झालंच तं," ओमेश म्हणाला.

आत लसणाची पाकळी धुरपताबाईंच्या हातातच राहिली. गाडी दारात असल्याचं असलंच वाक्य त्यांनी आधी कुठे ऐकलं ते त्यांना लगेच आठवलं.

आमच्या भागात पोरीचं लग्न ठरवायचं म्हणजे पोरीकडची मंडळी आधी पोराचं घर पाहायला जातात. मंडळी म्हणजे पुरुष. चाळीसेक वर्षांपूर्वी धुरपताबाईंचे वडील, काका आणि गावातले आणखी दोन शहाणे असे चौघे आमगावकडून कामठ्याला हे घर पाहायला आले होते. त्यांनी धानाची कोठी पाहिली, बैल पाहिले, म्हशीचे दात पाहिले. ओसरीवर बसून पाणी प्यायले, चहा प्यायले, जेवले. परत जाऊन बायकांना सांगितलं, "घर लय चांगलं हाय. बंडी सीधी आंगनात जाते." बैलगाडी अंगणापर्यंत जाते म्हटल्यावर आणखी काय पाहायचं राहिलं?

राहिली होती ती विहीर. ह्या घराच्या पूर्वजांनी गावाचा तलाव बांधला होता, त्या पाण्यावर अर्धं शिवार पिकायचं. पण पिण्याच्या पाण्याची विहीर होती तलावाच्या पाळीपलीकडे, म्हणजे उंच बांधापलीकडे. पाळ चढायची, उतरायची, विहिरीवर रांगेत उभं राहायचं, आणि डोक्यावर पाण्याने भरलेले दोन गुंड घेऊन पुन्हा पाळ चढायची. गावात नळ येईपर्यंत धुरपताबाईंनी हेच केलं. पोटात ओमेश असताना केलं, ताप अंगात असताना केलं. बंडी अंगणात उभी असायची. तिच्यातून त्या विहिरीवर एकदाही गेल्या नाहीत.

एका दिवाळीला वडील घ्यायला आले तेव्हा त्यांनी बापाला तोंडावर विचारलं होतं, "बाबा, बंडी पायली, पानी नाई पायलं?" त्यानंतर बाप कामठ्याला आला की पाणी मागत नसे. दिलं तरी, "तहान नाई वो," म्हणायचा. धुरपताबाईंना तेव्हा तो राग वाटला. जाऊ दे, म्हातारा फुगला, असं म्हणून त्यांनी सोडून दिलं. पुढे म्हातारा वारला, पण धुरपताबाईंचं बोटं मोडणं काही थांबलं नाही.

धुरपताबाई हात पुसत ओसरीवर आल्या.

"घर मी पाईन," त्या म्हणाल्या.

गोपीचंदभाऊंनी आधी ओमेशकडे पाहिलं, मग मोबाइलकडे.

"तुले का समजते नागपुरातलं?" गोपीचंदभाऊंनी विचारलं.

"तुमाले का समजते? टेशन अन् बियान्याचं दुकान."

हे अगदी खरं होतं. गोपीचंदभाऊ वर्षातून एकदा नागपूरला जात, स्टेशनबाहेरच्या दुकानातून बियाणं घेत आणि मिळेल त्या गाडीने परत येत. त्यांच्या लेखी नागपूर एवढंच होतं, आणि ते त्यांना चांगलं माहीत होतं.

दोन दिवसांनी तिघं सकाळच्या गाडीने नागपूरला उतरले. भूपेंद्र घ्यायला आला होता, मेट्रोने.

"गाडी कोठी हाय बाप्पा?" धुरपताबाईंनी विचारलं.

"दारात हाय नं मामी. सांगतलं तं होतं."

सगळे मेट्रोने निघाले. मग शेअर ऑटो, मग थोडं पायी, आणि शहराच्या पार टोकाला नव्या स्कीममधली भूपेंद्रची बिल्डिंग आली. गाडी खरोखर दारात होती. तिच्यावर चंदेरी कव्हर होतं, कव्हरवर धूळ होती आणि धुळीत मांजराचे पाय उमटले होते.

"काढत नाई तिले," भूपेंद्रने समजावलं. "काढली का त्या जागी वरच्या मजल्यावाला लावते आपली. मंग फिरत बसा गल्लीगल्लीत. महिन्यातून दोनदा उभ्या उभ्या चालू करतो, बॅटरी उतरू नोय म्हनून."

"मंग तू कामावर कसा जातेस?"

"मेट्रोनं."

धुरपताबाईंनी मान डोलावली. भूपेंद्रची बायको पुष्पांजली मायाळू होती, तिने पोहे केले, "मामीजी, महिनाभर आराम करा," म्हणाली, आणि तिच्या म्हणण्यात काही खोट नव्हती. पण पोहे खाऊन झाल्यावर धुरपताबाई उठल्या आणि म्हणाल्या, "चाला, इथून दवाखान्यात जाऊन पाहू." ऑटो थांबतो त्या नाक्यापर्यंत जाताना त्या दोनदा रस्त्याकडेच्या रेतीच्या ढिगावर बसल्या. हे अजून शेक सुरू व्हायच्या आधीचं चालणं होतं. तिसऱ्यांदा बसायला ढीगच नव्हता. नाक्यावर पोचेपर्यंत गोपीचंदभाऊंनाही भाच्याची गाडी पुरती समजली होती, पण ते बोलले नाहीत, कारण दारात गाडी असल्याचं अर्ध्या कामठ्याला त्यांनीच सांगितलं होतं.

दुसरं ठिकाण ओमेशने मोबाइलवर शोधलेलं हॉटेल. मेट्रो स्टेशनला लागून, लिफ्ट, टीव्ही, पांढरी चादर, आणि दवाखाना समोरच दिसत होता. ओमेशची छाती फुगली. दवाखाना रस्त्याच्या पलीकडे होता एवढंच. रस्ता इतका रुंद की मधल्या दुभाजकावर माणसं थांबून श्वास घेत होती. धुरपताबाई काठावर उभ्या राहिल्या. ट्रक थांबेना, बस थांबेना. शेवटी ओमेशने आईचा हात धरला, गोपीचंदभाऊंनी कामठ्याच्या सवयीने हात वर करून वाहनांना थांबायची खूण केली, आणि वाहनांनी ती पाहिलीच नाही.

"तुमी दोघं गेल्यावर माया हात कोन धरन?" पलीकडे पोचल्यावर धुरपताबाईंनी विचारलं. ओमेशने मोबाइल खिशात ठेवला.

तिसरं ठिकाण कोणी शोधलेलं नव्हतं. दवाखान्याच्या मागच्या फाटकाशी चहा घेताना चहावाल्याने सांगितलं की गल्लीत पेशंट लोकांसाठी धर्मशाळा आहे. तिघं गेले. गल्ली अरुंद, कार आत यायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे माणसं मधून चालत होती. दवाखान्याच्या फाटकापासून धर्मशाळेच्या दारापर्यंत बसायला एक औषधाच्या दुकानाचा ओटा, एक मंदिराची पायरी, एक झाडाखालचं बाकडं. धुरपताबाईंना कुठेच बसावं लागलं नाही, पण त्यांनी तिन्ही जागी बसून पाहिलं. खोली तळमजल्यावर होती. समोरच्या पडवीत बायका गॅसवर आपापला स्वयंपाक करत होत्या आणि एकमेकींच्या भाजीला नावं ठेवत होत्या. संडास जवळ होता, दाराला आतून कडी होती, कडी नीट लागत होती. धुरपताबाईंनी ती तीनदा लावून पाहिली.

धर्मशाळेच्या व्यवस्थापक सुशिलाबाई स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन आल्या. थंडगार, गोड पाणी. धुरपताबाई तो पेला एका दमात प्यायल्या, पदराने तोंड पुसलं आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "घर पसंत हाय."

आयुष्यात प्रथमच हे वाक्य त्यांच्या वाट्याला आलं होतं. गावी परतताना गाडीत त्या खिडकीशी इतक्या ताठ बसल्या होत्या की तिकीट तपासनिसाने गोपीचंदभाऊंऐवजी त्यांच्याकडेच तिकिटं मागितली.

पुढच्या रविवारी दुपारी दोघं सामान घेऊन खोलीवर आले. सोमवारी पहिला शेक, मंगळवारी शेतात हार्वेस्टर. गोपीचंदभाऊंची संध्याकाळची गाडी होती. धुरपताबाईंनी तांदळाचा डबा कोनाड्यात ठेवला आणि गंज, म्हणजे पाण्याचं उभं पातेलं, घेऊन पडवीतल्या नळाशी गेल्या.

"अम्मा, वो पीने का नहीं है," शेजारच्या खोलीतली चंदा म्हणाली. ती बालाघाटची, नवऱ्याला घेऊन आलेली. "बोअर का है, खारा. पीने का पानी सामनेवाली बिल्डिंग में मिलता है. ऊपर, दूसरे माले पे, फिल्टर लगा है."

धुरपताबाईंनी समोरची बिल्डिंग पाहिली. जिना बाहेरूनच दिसत होता. एक बाई दोन्ही हातांत कॅन घेऊन पायरी पायरी उतरत होती, मधेच कॅन टेकवत होती.

"अन् त्या दिवशी सुशिलाबाईनं मले जे पानी देलं?"

"वहीं का. मेहमान को वहीं का देते हैं."

धुरपताबाई गंज तसाच घेऊन खोलीत आल्या आणि खाटेवर बसल्या.

"का झालं?" गोपीचंदभाऊंनी विचारलं.

"पानी पायलं नाई," त्या म्हणाल्या. "रस्ता पायला, कडी पायली, संडास पायला. पानी हातात देलं तं पेऊन घेतलं. कोठून आनलं, इचारलंच नाई."

गोपीचंदभाऊ खोलीबाहेर डोकावून आले. त्यांनाही जिना दिसला.

"बाबाले बी असंच लोट्यात देलं असन," धुरपताबाई म्हणाल्या. "थंडं. गोड. अन् म्या त्याले जनमभर बोल लावला. माया घरचं पानी मांगनं सोडलं होतं त्यानं. तहान नाई म्हने. उन्हातून चालत आला तरी तहान नाई म्हने." आणि त्या रडल्या. गाठ निघाली तेव्हा रडल्या नव्हत्या, आता मात्र तोंडावर पदर घेऊन, आवाज न करता, चांगल्या रडल्या.

गोपीचंदभाऊंना अशा वेळी काय करायचं असतं ते माहीत नव्हतं. कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनी पिशवीतून एक कळशी काढली, चंदाकडून रिकामा कॅन मागून घेतला आणि बाहेर पडले. ह्या माणसाने उभ्या जन्मात पिण्याचं पाणी भरलं नव्हतं. कामठ्यात पुरुष पाणी भरत नाहीत. त्यांच्या घराण्याने तलाव बांधला, पण तो बांधून झाल्यावर पाणी घरात आणायचं काम त्यांचं नव्हतं.

ते परत आले तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं होतं आणि कळशी अर्धी होती. ती ठेवून ते पुन्हा गेले. पुन्हा आले. खोलीतला गंज भरला, बादली भरली, तांब्या भरला, दोन बाटल्या भरल्या. पडवीतल्या बायका भाज्या सोडून हेच बघत होत्या.

"अवो, गाडीचा टाइम झाला," धुरपताबाई म्हणाल्या.

"पानी भरून राहिलो."

"भरलं नं आता. उद्याचं मी आनीन. डावा हात हाय नं मले."

गोपीचंदभाऊंनी दारातूनच ओमेशला फोन लावला. "मंगळवारी तूच उभा राय धानावर," ते म्हणाले. "मी नाई येऊन राहिलो." पलीकडून ओमेशने बरंच काही विचारलं असावं. "कायले म्हंजे? इथं पानी दूर हाय," एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला आणि कळशी उचलली.

धुरपताबाई नवऱ्याच्या भिजलेल्या धोतराकडे, जिन्याकडे आणि पडवीत ओघळलेल्या पाण्याच्या रेषेकडे बघत राहिल्या. मग त्यांनी डोळे पुसले.

"काठोकाठ भरता म्हनून सांडते," त्या म्हणाल्या. "चार बोटं कमी ठेवा. अन् उतरताना खाली पाहू नोका, समोर पाहा."

गोपीचंदभाऊंनी मान हलवली आणि चार बोटं कमी भरायला निघाले.