पंजाबरावाच्या जोडीची हवा

पंजाबरावाचं पत्र गेल्या वर्षी श्रावण लागताना आलं होतं, आणि विठ्ठलरावांनी त्याला उत्तर पाठवलं नव्हतं. निळं आंतरदेशीय पत्र होतं. कळंबच्या वाचनालयात उभा जन्म ग्रंथपाल म्हणून काढलेल्या माणसाला पत्राचं उत्तर द्यावं लागतं हे कळत नव्हतं, असं नाही. पण प्रश्नच तसा होता.

"प्रिय इठ्ठल, रामराम," पंजाबरावानं लिहिलं होतं. "बैल इकले हे तुले ठाऊक आहे. माहे गुडघे गेले, टॅक्टर आला. पन पोळ्यात पह्यली जोडी आपल्या घरची, हे आज्यापासून चालत आलं. आता पोरानं, पिंटूनं, पुन्याहून हवेचे बैल धाडले. त्याच्या जाहिरातीच्या कंपनीत पडून होते. खऱ्यापेक्षा मोठे आहेत. गावानं ठरवलं, जोडी तोरणाखाली उभी राह्यली तर मान तुमचा, कशाची हाय ते आमी पाहत नाई. तं हवा भराले घरी एक लहान कॉम्प्रेसर घेतो म्हनतो. कोनता घेऊ? तू वाचून सांग. तुहं पत्र आल्याबिगर मी काई घेत नाई."

शेवटच्या वाक्यानं विठ्ठलरावांचा घात केला. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर त्यांनी "जाणकारांना विचारावे" असं लिहून हात झटकले असते. पंजाबराव शब्दाचा पक्का होता. आपण चुकीचा सांगितला, तर तो चुकीचाच घेणार आणि सगळ्या गावादेखत बैल फुटणार. विठ्ठलरावांनी स्वतः जन्मात सायकलच्या पंपापलीकडे काही हाताळलं नव्हतं, आणि तो पंपही शेजाऱ्यांचा.

ते वाचायला बसले. टाकीवाला की बिनटाकीचा? तेलाचा की बिनतेलाचा? दाब जास्त असावा की हवा जास्त यावी? ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे कळलं त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. चाकाला दाब लागतो. बैलाला मात्र हवा पाहिजे, भरपूर, आणि बेताच्या दाबाची. हे लिहावं म्हणून त्यांनी पेन उचललं आणि त्यांच्या मनात आलं की बेताची म्हणजे किती, असं पंजाबरावानं विचारलं तर? पेन खाली ठेवलं. एवढ्यात पोळा आला.

पंजाबरावानं शब्द पाळला. काही घेतलं नाही. पहाटेपासून घरातली माणसं सायकलच्या पंपानं हवा भरत राहिली. डावा बैल कसाबसा उभा झाला. उजवा गुडघ्यापर्यंत आला, आणि माणसं चहाला गेली तेवढ्यात पुन्हा बसला. तोरणाखाली दोन माणसांनी त्याला काखेत धरून नेलं. मागच्या जोडीचा मालक उकंडा म्हणाला, "पंजाबदादा, तुमचा बैल पिऊन आला काय?" गावानं मोठ्या मनानं एक वर्षाची मुदत दिली. पुढच्या पोळ्याला जोडी उभी राहिली नाही, तर पहिला मान उकंडाकडे, कायमचा.

तेव्हापासून पंजाबरावानं फोन घेणं सोडलं. शाळेत एका बाकावर बसलेली ही दोस्ती, पण वर्ष झालं, शब्द नाही. यंदा पोळा तोंडावर आला तेव्हा पंजाबरावाच्या बायकोचा, रुखमाबाईचा, विठ्ठलरावांच्या घरी विमलताईंना फोन आला.

"वहिनी, भाऊजीले म्हना, दोन ओळी लिहा. मानूस रोज पोस्टमनच्या वाटेवर खुर्ची टाकून बसते. अख्ख्या गावाले सांगून ठेवलं, इठ्ठलाचं पत्र येते म्हनून. उकंडा रोज इचारते, आलं काय गा पत्र?"

विमलताईंनी फोन ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्हाला लिहिता येत नसेल तर ते यंत्रच घेऊन जा. वाचून वाचून त्या बैलात हवा जायची नाही."

यवतमाळला देवीलालच्या दुकानात विठ्ठलराव बराच वेळ दारातच उभे राहिले. आत एक गिऱ्हाईक होतं आणि त्याच्या मध्ये बोलणं त्यांना बरं वाटेना. ते गेल्यावर आणखी एक आलं. शेवटी देवीलालनंच हाक मारली.

"काका, या ना. काय पाह्यजे?"

"कॉम्प्रेसर. घरगुती. लहान."

"काय भरायचं? गाडीचं चाक? का रंग मारायचा?"

विठ्ठलरावांनी मागे कुणी नाही ना, हे पाहिलं. "बैल," ते म्हणाले.

देवीलाल धंद्यात मुरलेला माणूस होता. त्याचा चेहरा हलला नाही. "किती?"

"दोन."

"बसलेले का उभे?"

"सध्या बसलेले आहेत."

देवीलालनं मान डोलावली आणि मुठीत मावेल असं एक यंत्र पुढं ठेवलं. गाडीच्या बॅटरीवर चालणारं. विठ्ठलरावांनी ते हळूच बाजूला सारलं. "ह्याचा दाब चांगला आहे, पण हवा फार थोडी येते. बैल पुढच्या पोळ्याला उभा होईल." हे आपणच बोललो ह्याचा त्यांना धक्का बसला, आणि ते लगेच म्हणाले, "म्हणजे, मी असं वाचलं आहे. चूकही असू शकतं."

"बरोबर आहे काका. मग चोवीस लिटरची टाकी घ्या. हा तेलाचा, आवाज कमी. हा बिनतेलाचा, निगा काही नाही, पण बोंबलते लय."

विठ्ठलरावांचा हात आपोआप कमी आवाजाच्या यंत्राकडे गेला. 'शांतता राखा' ही पाटी त्यांनी आयुष्यात कितीतरी वेळा स्वतःच्या हातानं रंगवली होती. वाचनालयात शिंकायचं झालं तरी ते बाहेर जात. त्यांनी यंत्राला हात लावला आणि विचारलं, "हे एसटीत आडवं पडलं तर?"

"तेल सांडीन."

पंजाबरावाच्या गावाकडे जाणारी एसटी आर्णीच्या पुढे कशी हलते, हे त्यांना माहीत होतं. तेल सांडेल, कुणाच्या तरी पिशवीवर जाईल, पिशवी कुणाची म्हणून विचारणा होईल, आणि सगळी बस आपल्याकडे पाहील. त्यांनी डोळे मिटून बोंबलणारा कॉम्प्रेसर घेतला. वर्षभराच्या वाचनानंतर निवड शेवटी एसटीनं केली, ही गोष्ट त्यांना महागावपर्यंत टोचत राहिली.

पोळ्याच्या सकाळी ते पंजाबरावाच्या अंगणात पोचले. पंजाबराव खाटेवर बसला होता. त्यानं विठ्ठलरावांकडे पाहिलं, कॉम्प्रेसरकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"पंजाब, मी आलो," विठ्ठलराव म्हणाले.

पंजाबराव बायकोकडे वळला. "रुखमे, त्याले सांग, पत्राचं उत्तर पत्रानं येत असते."

"भाऊजी, हे म्हनतात..."

"ऐकलं मी वहिनी. त्याला सांगा, यंत्र आणलं आहे."

"रुखमे, त्याले इचार, हे यंत्र घ्या म्हनून त्यानं मले कई लिहिलं? मी शब्द देल्ला होता. पत्र आल्याबिगर घेनार नाई."

"त्याला सांगा, तू घेतलं नाहीस. मी घेतलं."

पंजाबरावानं यावर बराच विचार केला. "त्याले सांग," तो शेवटी म्हणाला, "पाहुन्याचं सामान पाहुन्यानं कुठं बी लावावं. मी कोन नाई म्हननारा."

विठ्ठलरावांनी सामान ओसरीतल्या प्लगला लावलं आणि बैलाच्या शेपटीखालच्या तोटीत नळी खुपसली. यंत्र जे बोंबललं, त्यानं गल्लीतली कुत्री पार नाल्यापलीकडे गेली. विठ्ठलराव प्रत्येक शेजाऱ्याकडे पाहून हात जोडत होते. पण उजवा बैल हलला. आधी वशिंड आलं, मग मान, मग चारी पाय एकाच वेळी, आणि तो छपराइतका उंच उभा राहिला. त्याच्या पोटावर ठळक अक्षरांत 'दूध वाढवा' असं छापलेलं होतं. पिंटूच्या कंपनीनं ते बैल पशुखाद्याच्या जाहिरातीसाठी बनवले होते. डावाही उभा झाल्यावर रुखमाबाईंनी शिवलेल्या, पोटाखालीही येतील अशा लांब झुली दोघांवर चढल्या. शिंगांना बेगड लागली. दुपारी दोन दोन माणसांनी दोरानं धरून जोडी मारुतीच्या पाराकडे नेली, वारा आला की चौघं. मागून विठ्ठलराव कॉम्प्रेसर घेऊन चालत होते.

तोरणाखाली गावातल्या सगळ्या जोड्या लागल्या. पहिली पंजाबरावाची. तिच्यामागे उकंडाची, खरी, शिंगं रंगवलेली, आणि समोरच्या बैलाच्या पायाचा वास घेऊन गोंधळलेली. ऊन कडक होतं. उन्हात हवा फुगते, हे विठ्ठलरावांनी वाचलं होतं. पण ते वाक्य त्यांना आता आठवलं. डावा बैल तासाभरात इतका तटतटला की झूल वर चढली आणि 'दूध' दिसू लागलं. उकंडानं झडती म्हटली, पोळ्यातलं चिडवायचं गाणं:

"वारं खाते, वारं पेते, तरी दूध वाढवते,
असा बैल पंजाबाचा, नांगर काहून दडवते!"

लोक हसले. पंजाबराव हसला नाही. तो उजव्या बैलाकडे पाहत होता. त्याच्या मागच्या खुराची शिवण सुटली होती. बैल हळूहळू एका बाजूला कलत होता, गेल्या वर्षासारखा पुन्हा बसायच्या बेतात. पंचांपैकी एक जण घड्याळ पाहत होता. तोरण तोडून पोळा फुटायला अजून अवकाश होता, आणि तोवर जोडी उभी राहायला हवी होती.

पंजाबराव पुटपुटला. "रुखमे, त्याले सांग," आणि त्यानं सुटलेल्या शिवणीकडे बोट केलं.

विठ्ठलरावांना ते रुखमाबाईंनी सांगायची गरज पडली नाही. त्यांनी लांब नळी उजव्या बैलाच्या तोटीत खुपसली, कॉम्प्रेसर पाराला लागून असलेल्या मारुतीच्या देवळात नेला आणि भजनाच्या भोंग्याची पिन काढून कॉम्प्रेसरची पिन लावली. सगळं गाव आपल्याकडे पाहत आहे हे त्यांना मानेवर कळत होतं. बटणावर बोट ठेवून ते एकदा मनात "माफ करा" म्हणाले आणि बटण दाबलं.

उकंडाची जोडी सगळ्यात आधी उधळली. तिच्यामागची जोडी तिच्यामागे, आणि मग रांगच्या रांग, घुंगरं वाजवत, मालकांच्या हातातले कासरे ओढत, आपापल्या घरच्या पुरणपोळीकडे निघून गेली. धुराळा बसला तेव्हा तोरण एका शिंगाला अडकून गेलेलं होतं आणि पारासमोर दोनच बैल उरले होते. ते जागचे हलले नव्हते. उजवा तर मघापेक्षा उंच झाला होता.

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. "उभी राह्यली," घड्याळवाला म्हणाला. "जोडी उभी राह्यली."

"पोळा फुटला," उकंडा धापा टाकत परत आला, "पन याचे बैल नाई फुटले. घ्या दादा, मान तुमचा. माह्या बैलाले भूकच लागली होती."

संध्याकाळी ओसरीवर जेवणं झाली. बैलांनाही नैवेद्य दाखवला होता. तो कोंबड्यांनी खाल्ला. पंजाबरावानं गावाकडून मानाचा नारळ घेतला, टोपी डोक्यावर नीट बसवली, आणि तरीही विठ्ठलरावांकडे पाहिलं नाही.

"पंजाब, आता तरी बोल," विठ्ठलराव म्हणाले.

"रुखमे, त्याले सांग. मान बैलाचा राह्यला, माहा नाई. वर्षभर पोस्टमन माह्या दारावरून रिकामा गेला. लोकाईले मी काय सांगू?"

रुखमाबाई उठल्या. आत जाऊन त्यांनी एक कोरं निळं आंतरदेशीय आणून विठ्ठलरावांपुढे ठेवलं. वर्षभर त्यांनी ते जपून ठेवलं असावं. त्याला मसाल्याच्या डब्याचा वास येत होता.

वर्षभरात विठ्ठलरावांनी ह्या पत्राचे कितीतरी मसुदे केले होते. दाब, प्रमाण, टाकी, तेल. आता त्यांतलं एकही वाक्य त्यांना आठवेना. त्यांनी लिहिलं: "प्रिय पंजाब, तुझं पत्र मिळालं. बिनतेलाचा, मोठ्या आवाजाचा घे. बरोबर सांगतो आहे की नाही, मला अजूनही खात्री नाही. उत्तराला फार उशीर झाला. तुझा, विठ्ठल." पत्ता लिहिताना त्यांना वाटलं, समोरच बसलेल्या माणसाचा पिन कोड त्यालाच विचारणं बरं दिसणार नाही. त्यांनी तो रुखमाबाईंना विचारला. रुखमाबाईंनी पंजाबरावाला विचारला. पंजाबरावानं भिंतीकडे तोंड करून एकेक आकडा सांगितला.

"रुखमे, त्याले सांग," मग तो म्हणाला, "पत्र पुसदले जाईन, तिथून फिरून इथं येईन. चार दिवस तं लागतीन. तोवर त्यानं कुठं जाऊ नये. आलं का मी त्याच्यासंगं बोलतो."

"वहिनी, त्याला सांगा, राहतो."

टपालपेटी ग्रामपंचायतीच्या भिंतीला, घरासमोरच होती. विठ्ठलराव रस्ता ओलांडून गेले. पत्र नीट चिकटलं आहे का, ते त्यांनी पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं. मागे ओसरीवर पंजाबराव कान देऊन उभा होता. विठ्ठलरावांनी पत्र फटीत सरकवलं, क्षणभर टोक धरून ठेवलं, आणि सोडलं. रिकाम्या पेटीच्या तळाशी ते पडल्याचा आवाज ओसरीपर्यंत गेला.