विनीताच्या डोक्यावरचं हेल्मेट

मी एक लष्करी हेल्मेट बोलतोय, पण युद्ध मी कधी पाहिलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्याबद्दल लोक काय वाटेल ते सांगत असतात आणि मला ते निमूट ऐकून घ्यावं लागतं.

वरून फायबरचं टणक कवच, आत फोमच्या गाद्या, कानांवर दोन जाड कप, डोळ्यांपुढे काळी काच. असा मी घडलो आणि टेक्सासमधल्या हवाई दलाच्या एका तळावर आलो. तिथे शिकाऊ वैमानिकांच्या डोक्यावर माझी उमेदीची वर्षं गेली. पुढे नवी, हलकी हेल्मेटं आली. आम्हा जुन्यांना खोक्यांत भरलं, लिलावात काढलं, आणि मी सॅन अँटोनियोतल्या लष्कराचा जुना माल विकणाऱ्या एका दुकानात खुंटीला लटकलो. एका बाजूला पाण्याच्या बाटल्या, दुसऱ्या बाजूला फाटकी पॅराशूटं.

दोन हजार तीन साली श्रीरंग तिथे आला. टेक्सासमधल्याच शुगर लँडमध्ये राहणारा, तेल कंपनीत इंजिनिअर, मूळचा नागपूरचा. सोबत बायको, विनीता.

"हे युद्धावर जाऊन आलंय," दुकानदार म्हणाला.

श्रीरंगचे डोळे लकाकले. विनीताने मला हातात घेऊन आत नाक घातलं. "घामाचा वास येतोय रे. साधं नाही का चालणार?"

"अगं, एअरोबॅटिक्स करायचंय मला. स्कूटर नाही चालवायची."

साधं विमान चालवायचं लायसन्स त्याच्याकडे होतं. आता त्याला विमान आकाशात उलटं करायचं होतं, गिरक्या घ्यायच्या होत्या. त्यासाठी त्याला मी हवा होतो. खरं तर मी लागतच नाही तसा. पुष्कळ जण साध्या हेडफोनवर उडतात. पण आरशात मला घालून बघताना त्याचा चेहरा एवढा खुलला की विनीताही हसली. "घे बाबा," म्हणाली.

घरापासून तासाभरावर एक लहानसा विमानतळ होता. तिथे रॉय नावाचा म्हातारा शिक्षक पुढे-मागे दोन सीटांच्या छोट्या विमानात एअरोबॅटिक्स शिकवायचा. माझी लष्करी वायर त्याच्या रेडिओला बसेना. रॉयने मधे एक जोड लावून दिला आणि आम्ही निघालो.

पहिल्याच दिवशी श्रीरंगला उलटी झाली. दुसऱ्या खेपेला झाली. तिसऱ्या खेपेला तो खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"बऱ्याच लोकांना होतं," रॉय म्हणाला. "लाजण्यासारखं काही नाही त्यात."

श्रीरंग बुटांकडे बघत उभा राहिला. अजून अर्धा तास शिल्लक होता. रॉयने विनीताकडे पाहिलं. ती विमानं ठेवायच्या हँगरच्या सावलीत पुस्तक वाचत बसली होती, दर शनिवारी बसायची तशी. "तुम्ही येता का एक चक्कर?"

"मी?" ती म्हणाली. मग नवऱ्याकडे बघून, "जाऊ का रे?"

"जा की."

मी तिला सैल होत होतो. तिने ओढणी डोक्याला गुंडाळली आणि वरून मला घातलं. वर गेल्यावर रॉयने विमानाचं नाक उचललं, उचलत नेलं, आणि भातखाचरं आमच्या डोक्यावर आली.

"अगं आई गं!" ती ओरडली. मला वाटलं, झालं, आता हिलाही उलटीची पिशवी लागणार.

पण ती हसत होती. कानांच्या कपांमध्ये ते हसू मावेना. "रॉय, पुन्हा," ती म्हणाली. "पुन्हा कर."

त्या वेळी विनीता पंचेचाळीस वर्षांची होती. एका ऑफिसात सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. मुलगी नीना ऑस्टिनला कॉलेजात गेली होती. आयुष्यात कधी आपण काही धाडस करू असं तिला वाटलं नव्हतं. ती शिकायला लागली. आधी साधं विमान, मग लायसन्स, मग एअरोबॅटिक्स. माझ्या आतल्या जुन्या गाद्या तिने उपटून टाकल्या आणि आपल्या डोक्याच्या मापाच्या नव्या चिकटवल्या. घामाचा जुना वास गेला, तिच्या खोबरेल तेलाचा आला.

मी जड. उलटं-सुलटं होताना माझं वजन कितीतरी पटींनी वाढतं, मान भरून येते. घरी आल्यावर श्रीरंग तिच्या मानेला बाम चोळून द्यायचा. हे मी मुद्दाम सांगतो. माणूस वाईट नव्हता. सुरुवातीला तोच तिला गाडीने न्यायचा, फोटो काढायचा, नागपूरला पाठवायचा. नीना फोनवर ओरडायची, "मॉम, दॅट्स सो कूल!" आणि तो हसायचा.

दोन हजार सहाच्या शरदात तिने नवशिक्यांच्या स्पर्धेत भाग घेतला आणि तिसरी आली. विमानतळावर आता तिला सगळे 'विनी' म्हणायचे. श्रीरंगला म्हणायचे, 'विनीचा नवरा.' कोणी ते टोचून म्हणत नव्हतं. तेच त्याला जास्त लागलं असावं.

पुढच्या जानेवारीत मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात विनीताचा सत्कार झाला. तिच्या मैत्रिणीने, कांचनने, आग्रह केला म्हणून मलाही नेलं होतं. मुलं मला डोक्यात घालून नाचली. तिळगूळ वाटला गेला. आणि कांचनचा नवरा संजीव, हातात प्लेट घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय श्रीरंग, बायको वर आणि तू खाली तिची पर्स धरून? मस्त आहे यार!"

हॉल हसला. श्रीरंगही हसला. सगळे थांबल्यावरही तो हसतच राहिला.

परतताना गाडीत मी मागच्या सीटवर होतो. विनीता म्हणाली, "संजीवचं काय मनावर घेतोस!"

"मी कुठे घेतलंय?" तो म्हणाला.

त्यानंतरच्या आठवड्यात तो गराजमध्ये आला. मी तिथल्या फळीवर होतो. त्याने घराकडचं दार लावून घेतलं आणि रॉयला फोन लावला.

"रॉय, हे आपल्या दोघांत राहू दे. विनीता मागे घरात बेशुद्ध पडली होती. तिने हे कोणाला सांगितलेलं नाही. मला काळजी वाटते. वर असताना तसं झालं तर?"

ती पडली होती, हे खरं होतं. मी पाहिलं होतं. त्या दिवशी माझी काच पुसायला तिने मला डायनिंग टेबलावर ठेवलं होतं. मागच्या ऑगस्टातली हरितालिका होती. आदल्या रात्रीपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता, आणि त्यात टेक्सासचा उन्हाळा. संध्याकाळी गॅसपाशी उभी असताना ती खाली बसली आणि आडवी झाली. श्रीरंगनेच तिला लिंबूपाणी पाजलं. पाच मिनिटांत उठून ती म्हणाली, "उगाच हट्ट केला मी. फळं तरी खायला हवी होती." तो उपवास कोणाच्या आयुष्यासाठी होता, हे तुम्हाला सांगायला नको.

फोनवर त्याने उपवासाचं नाव काढलं नाही.

रॉय सरळ माणूस. अशी गोष्ट पोटात ठेवून त्याला तिला वर नेता येईना. शनिवारी विनीता माझी पिशवी खांद्याला लावून विमानतळावर पोचली, तेव्हा तो दारातच उभा होता. "विनी, आज नाही. डॉक्टरांनी तपासेपर्यंत नाही." आणि त्याने सगळं सांगितलं, कोणाचा फोन आला होता तेसुद्धा.

घरी येईपर्यंत तिने रेडिओ लावला नाही. श्रीरंग किचनमध्ये चहा करत होता. तिने पिशवी ओट्यावर ठेवली.

"तू रॉयला फोन केलास?"

त्याने हातातला चमचा खाली ठेवला. "तुझ्या काळजीने केला."

"मग मला का नाही विचारलंस? मी इथेच असते ना, या घरात?"

"तू ऐकलं नसतंस."

"उपवासाने चक्कर आली होती, हे सांगितलंस त्याला?"

तो उकळत्या चहाकडे वळला.

"सांगितलंस का, श्रीरंग?"

"त्यांना काय कळणार आपले उपवास," तो म्हणाला.

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती वर निघून गेली आणि दिवसभर खाली आली नाही. चहा उकळून उकळून काळा झाला.

मग तपासण्या सुरू झाल्या. हृदयाची, मेंदूची, रक्ताची. एक डॉक्टर दुसऱ्याकडे पाठवायचा, दुसरा तिसऱ्याकडे. प्रत्येकाला ती हरितालिका म्हणजे काय हे समजावून सांगायची आणि प्रत्येक जण मान हलवून आणखी एक तपासणी लिहून द्यायचा. मी फळीवर धूळ खात पडलो. दोन हजार आठच्या वसंतात शेवटी तिला परवानगी मिळाली. तब्येत ठणठणीत, उडायला हरकत नाही.

पण तोवर पेट्रोल महागलं होतं आणि रॉयने विमान विकून टाकलं होतं.

"दुसरीकडे बघ ना," श्रीरंग म्हणाला. आता तो फार मोकळ्या मनाने बोलायचा. "डॅलसकडे असतील शाळा. तू कर की फ्लाय! मी कुठे नाही म्हणतोय?"

ती नुसती "बघू" म्हणाली. एकदा कांचन आली होती. दोघी गराजमध्ये जुने कपडे काढत होत्या. कांचनने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "परत का नाही जात गं? आता तर परवानगी आहे."

विनीता हातातला स्वेटर घडी करत राहिली. "एकदा गेले होते गं, साध्या विमानातून. वर गेले आणि मनात आलं, आता खाली हा कोणाशी काय बोलत असेल. उलटं उडताना मनात असं काही चालत नाही. एक क्षणसुद्धा चालत नाही."

कांचनने पुढचा स्वेटर घडी करायला घेतला.

त्या वर्षी हरितालिकेला विनीताने सकाळी पोहे केले. स्वतःची बशी भरली आणि त्याच्यासमोर बसून खाल्ली. तो खाली मान घालून खात राहिला.

सप्टेंबरात मोठं वादळ आलं. गराजचं छप्पर गळलं, खोकी भिजली. ऑक्टोबरात श्रीरंगने ड्राइव्हवेवर टेबलं मांडून सगळा पसारा विकायला काढला. त्या पसाऱ्यात मी होतो.

एक तरुण आला. शेतांवर औषध फवारणारं विमान चालवायचं काम त्याला नुकतंच लागलं होतं. त्याने मला उलटं करून पाहिलं. "हे कोणी वापरलंय?"

"मी," श्रीरंग म्हणाला. "एअरोबॅटिक्स करायचो. आता वेळ मिळत नाही."

विनीता दोन पावलांवर भांडी पुसून ठेवत होती. ती आली. तिने माझा पट्टा हातात घेतला आणि त्या मुलाला म्हणाली, "हा आधी सैल सोडायचा, मग कप कानावर बसवायचे, मग ओढायचा. नाहीतर वर गेल्यावर कान दुखतो."

मुलगा तिच्याकडे बघत राहिला. "मॅडम, तुम्हीही उडवायचात?"

"एक-दोनदा आली होती माझ्याबरोबर," श्रीरंग म्हणाला.

विनीताने पट्टा त्या मुलाच्या हातात दिला आणि ती घरात गेली. दार तिने सावकाश लावलं.

मी तेव्हा काय केलं असतं! मला तोंड असतं तर त्या ड्राइव्हवेवर सगळी गल्ली गोळा केली असती. पण माझ्या माइकमध्ये बोलणारा नेहमी दुसराच असतो.

आता मी एल कँपो गावाच्या बाजूला भातशेतांवरून उडतो. पहाटे निघतो, उन्हं चढेपर्यंत परततो. माझ्या गाद्यांना औषधाचा उग्र वास लागलाय. मुलगा चांगला आहे, हात स्थिर आहे त्याचा. कोणी विचारलं की तो सांगतो, "हे एका इंडियन इंजिनिअरचं होतं. जबरदस्त पायलट होता म्हणे."

मी उडतोय. ती नाही. ज्याला आकाशाचं काही वाटत नाही त्याला ते रोज मिळतं.

तुमच्यापैकी कोणी शुगर लँडला गेलात आणि विनीताकडे चहाला बसलात, तर एवढं करा. उडणं का सोडलं, असं तिला विचारू नका. त्याचं उत्तर त्याच खोलीत, समोरच्या सोफ्यावर बसलेलं असेल. तिला एवढंच विचारा, की वर कसं वाटायचं. आणि ती बोलायला लागली, की मधे कोणालाही बोलू देऊ नका.